जळण कोणाच्या घरचं

माझी बायको कोकिळा गेली त्याच आठवड्यात आमच्या घराची मोजणी झाली. ती झाली हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

आमचं गाव वडनेर भोलजीच्या पलीकडे, नदीच्या अंगाला. विहिरींना खारं पाणी. गावात गोबरगॅस एकच, तो आमचा. अंगणाच्या कडेला विटांनी बांधलेला खड्डा, त्यात कालवलेलं शेण, आणि वर पालथं घातलेलं मोठं लोखंडी पिंप. त्याला आम्ही टाकी म्हणतो. आत गॅस झाला की टाकी वर येते, गॅस जाळला की खाली बसते. तिच्यातून एक नळी निघून स्वयंपाकघरातल्या शेगडीला जाते. खड्डा आमचा, टाकी सरकारची. चालू असेल तोवर आमच्याकडे राहील आणि बंद पडली तर उचलून दुसऱ्या गावाला देतील, अशी योजनेची अट होती.

टाकी कोकिळेनं आणवली. दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती. रॉकेलला रांग असायची. कापूस वेचून झाल्यावर उरतात ती वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, हेच आमच्याकडचं वर्षभराचं जळण. पऱ्हाटी भडकन पेटते, भडकन विझते आणि धूर फार करते. कोकिळेचे डोळे बारा महिने लाल. तिनं कुठंतरी गोबरगॅसचं ऐकलं आणि ग्रामसेवक उत्तमराव दिसले की त्यांना अडवायला लागली. शेवटी ते तिला पाहून गल्ली बदलायचे. मग ती एसटीनं बुलढाण्याला गेली, ऑफिसच्या पायरीवर बसली, फडक्यात बांधून नेलेली भाकर सोडून तिथंच जेवली, आणि साहेब बाहेर येईपर्यंत उठली नाही. टाकी आली. रोज सकाळी शेण-पाणी कालवून खड्ड्यात सोडताना ती मला म्हणायची, "याले उपाशी ठेवू नका. म्हशीले जसा चारा, तसं याले शेण."

तिला कावीळ झाली. आधी आम्ही झाडपाला दिला, मग खामगावला नेलं. तिथून ती परत आली नाही.

आमच्यात माणूस गेलं की तेरवीपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी जेवण आणतात. चूल पेटवायची नाही म्हणजे गॅसही पेटवायचा नाही, हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण तसंच झालं. शेजारी पुंजाजीचं घर आहे. मधे काट्यांचं कुंपण. पुंजाजीची बायको जनकाबाई दोन्ही वेळा जेवण आणून आमच्या ओट्यावर ठेवायची. लोणारहून लेक पुष्पा आली होती, पाहुणे होते, भेटायला येणारे होते. साऱ्यांचं जनकाबाईच्याच चुलीवर व्हायचं.

मी जेवायचो आणि खड्ड्यात शेण सोडायचो. सकाळी उठून काय करायचं ते कळत नव्हतं. एवढं एक काम ठाऊक होतं.

गॅस जाळणारं कोणी नव्हतं, म्हणून टाकी वर येत गेली. पार वर आली, तिला आणखी वर जायला जागा राहिली नाही, तेव्हा कडेनं बुडबुडे फुटायला लागले. मी ओट्यावर बसून ते ऐकायचो. तेरवी झाली. पुष्पाला दिवस भरत आलेले, तिला तिचा नवरा घेऊन गेला. पाहुणे पांगले. शेगडी पेटवायची तेवढी राहिली. आज पेटवू म्हणायचो, मग उद्या. जनकाबाई ताट आणत राहिली आणि मी जेवत राहिलो.

अशात एक दिवस दारापुढे जीप थांबली.

उत्तमराव उतरले आणि त्यांच्यामागून चष्मा लावलेले एक साहेब. उत्तमराव लांबूनच म्हणाले, "शेषराव, हे इंगळे साहेब. बुलढाण्याहून आले खास. तुमचं घर साऱ्या जिल्ह्यात पयलं आलं."

"कायच्यात?"

"गोबरगॅसच्या मोजणीत."

"कोणती मोजणी?"

उत्तमराव जरा चाचरले. "झाली ना. तुमी सुतकात होते. म्हटलं तुमाले कायले तरास द्यावा. मी आपली बाहेरूनच करून घेतली."

मग त्यांनी सांगितलं. कोकिळा गेल्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी ते आले होते, कारण त्यांना तीच तारीख नेमून दिली होती. अंगणातल्या पऱ्हाटीचं वजन केलं, टाकीवर खड्ड्याच्या कडेला लागून खडूनं खूण केली. आठवड्यानं येऊन पुन्हा पाहिलं. सुतकाचं घर म्हणून उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही आणि दुःखातल्या माणसाला काय विचारायचं म्हणून काही विचारलंही नाही. पऱ्हाटीतली काडी कमी झाली नव्हती. टाकीवरची खडूची खूण कडेच्या बरीच वर गेली होती. ते आकडे बुलढाण्याला गेले.

इंगळे साहेब बाजेवर बसले. माणूस साधा वाटला. म्हणाले, "घरातलं माणूस गेल्याचं मला जीपमध्ये कळलं. वाईट झालं. पण शेषराव, तुमच्या घराचा आकडा पाहून मला राहवलं नाही. जळण शून्य आणि गॅस शिल्लक. असं घर मी पाहिलं नाही."



कुंपणापलीकडून पुंजाजीनं मान वर केली. जीप दिसली की त्याला घरात राहवत नाही. "काबे शेषराव, कोण आलं? वॉरंट तं नाही ना?"

"मोजणीवाले आहेत," उत्तमराव म्हणाले.

"जमिनीची?"

"धुराची," साहेब म्हणाले आणि हसले. पुंजाजी कुंपणाच्या फटीतून आत आलाच.

साहेबांना सांगायची हौस होती. म्हणाले, "आजवर आम्ही टाक्या मोजायचो. जिल्ह्यात इतक्या टाक्या बसल्या, म्हणजे इतकं लाकूड वाचलं, असं धरून मुंबईला कळवायचो. पण टाकी असून लाकूड जाळणारी घरं आहेत. म्हणून मोजायची रीतच बदलायची चालली आहे. आता टाकीच्या आधीचंही मोजायचं आणि नंतरचंही. सिमेंट कोणत्या ट्रकनं आलं, त्याला डिझेल किती लागलं. लोखंड तापवायला कोळसा किती गेला. म्हैस काय खाते. शेण आधी कुठं जायचं. सुरुवातीपासून धुरापर्यंत सगळं."

"म्हशीच्या मायचंही धरता काय?" पुंजाजीनं विचारलं.

"नाही. कुठंतरी रेघ ओढावी लागते. रेघेच्या आतलं मोजायचं, बाहेरचं सोडायचं."

"ते रेघ कोण ओढते?"

"तेच अजून ठरत नाही," साहेब म्हणाले. "मी ओढतो, माझे वरचे साहेब पुसतात. पण सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. हा गॅस नसता तर या घरात काय जळलं असतं, ते काढायचं. नसतं तर काय, याच्याशी असण्याची तुलना करायची. तेव्हा कळतं की फायदा झाला का तोटा."

माझं मन त्या बोलण्यात अडकलं. मी विचारलं, "जे नाही त्याचं वजन कसं करता साहेब?"

"शेजारचं गॅस नसलेलं घर पाहायचं. तुमच्या तुलनेला उत्तमरावांनी पुंजाजींचं घर घेतलं आहे."

"माही पऱ्हाटी बी मोजली?" पुंजाजी म्हणाला. "अन् मले पत्ता नाही!"

"तुमची तर फारच जळली," साहेब म्हणाले. "घरात माणसं दोन आणि जळण लग्नघरासारखं. म्हणूनच तर शेषरावांचं घर एवढं वर आलं. एकीकडे काहीच नाही आणि एकीकडे ढीग."

पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला कळलं असावं. मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आता साहेब शेगडी पाहायला मागणार.

तसंच झालं. साहेब उठले. "चला, ज्योत दाखवा. हवं तर चहाच ठेवा."

"दूध नाही," मी म्हणालो. माझ्या मागंच म्हैस बांधलेली होती. ती त्याच वेळी ओरडली.

साहेब स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर कोकिळेनं पालथी घालून ठेवलेली कढई होती. खामगावला जायच्या आधी तिनं घासून ठेवली होती. साहेबांनी ती हलवली नाही, नुसतं वाकून पाहिलं. कढईच्या कानापासून शेगडीच्या पायापर्यंत कोळ्यानं जाळं केलं होतं.

"केव्हापासून पेटली नाही?" त्यांनी विचारलं.

मी बोलायच्या आत ओट्यावरून आवाज आला. "भाऊ, ताट ठेवलं हो. आज अंबाडीची भाजी हाय. गरम हाय तं खाऊन घ्या, नाहीतर कालच्यावाणी मुंग्यायले घालसान." मग जनकाबाईला परकी माणसं दिसली आणि तिनं पदर पुढं ओढला.

साहेब बाहेर आले. "हे जेवण कुठून आलं?"

"आमच्या घरून. मंग कोठून येईन?"

"रोज?"

"कोकिळाबाई गेल्यापासून रोजच. अठी चूल कोठी पेटली?"

"आणि तेरवीपर्यंत पाहुणे होते, त्यांचं?"

"साऱ्यायचं आमच्याच चुलीवर. आमची पऱ्हाटीची गंजी पाहा ना, अर्धी झाली. पण ते काय बोलाची गोष्ट हाय?"

साहेबांनी उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमराव म्हशीकडे पाहायला लागले.

पुंजाजी मांडीवर थाप मारून हसला. "म्हणजे पऱ्हाटी माही जळली अन् पयला नंबर याचा! अन् साहेब, माहा नंबर कोणता आला हो?"

"तुमचा शेवटचा," साहेब म्हणाले. त्यांना हसू येत नव्हतं.

ते परत बाजेवर बसले. चष्मा काढून पुसला. "शेषराव, तुमची काही चूक नाही. उत्तमरावांनीही वाईट हेतूनं केलं नाही. सुतकात चूल पेटत नाही हे मलाही माहीत आहे, आमच्या घरीही तेच. पण आकडा पाहताना मला ते सुचलं नाही. आता तो आकडा मागं घ्यावा लागेल. आणि खरं मोजलं तर सगळं उलटं होतं. तुमच्या जेवणाला लाकूड जळलं ते जळलंच, कुणाच्या का घरी जळेना. वर गॅस वाया गेला."

"वाया गेला म्हणजे उडून गेला," पुंजाजी म्हणाला. "कोनाचं काय गेलं?"

साहेबांनी टाकीच्या कडेचे बुडबुडे दाखवले. "हा गॅस जाळला तर ठीक. न जाळता वर गेला तर हवेत राहतो आणि पृथ्वीची ऊब धरून ठेवतो, जळण्याच्या धुरापेक्षा जास्त, असं बाहेरच्या देशात मोजायला लागले आहेत. अकोल्याच्या एका प्रोफेसरांनी मला वाचायला दिलं होतं. आमच्या तक्त्यात त्याला अजून रकानाही नाही. पण मला माहीत झालंय, मी कसं सोडू?"

"दिसत नाही, धूर नाही, अन् धुरापेक्षा वाईट?"

"हो."

"मंग उत्तमरावासारखाच हाय म्हना."

"पुंजाजी, तुमी गप बसा," उत्तमराव म्हणाले.

मी बुडबुड्यांकडे पाहत होतो. इतके दिवस मी शेण टाकत होतो ते कोकिळेचा शब्द म्हणून. साहेब म्हणत होते की ते न टाकलं असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, "मंग शेण टाकू नको काय?"

"टाका, पण जाळा. जाळायचं नसेल तर टाकूही नका." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "लोणारकडचं एक गाव टाकी मागतंय. मी पुढच्या आठवड्यात येऊन स्वतः मोजतो, दोन्ही घरं. चालू दिसली तर टाकी इथंच राहील. नाहीतर मला उचलून न्यावी लागेल. मला दुसरा मार्ग नाही."

चहा न घेता जीप गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. टाकी जाऊ द्यायची नाही, एवढं पक्कं होतं. त्यासाठी शेगडी पेटवायची, बस्स. काडी ओढायची आणि चावी फिरवायची. गावातलं लहान पोरही करील. पण मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायचो, कढई पाहायचो आणि परत यायचो. ती कढई तिनं पालथी घातलेली होती. ती मी उलटली की मग ती मी ठेवलेली कढई होणार. यापेक्षा जास्त मला समजावून सांगता येत नाही.

जनकाबाई म्हणाली, "दुःख झालेल्या घरची चूल लेकीनं पेटवावं, नाही तं सुनेनं. पुष्पीले बोलावून घ्या दोन दिवस."

"तिले आता एसटीत कसं बसवू?"

"तेही खरं हाय."

"मी लावतो ना काडी," पुंजाजी म्हणाला. "मी कोनाची सून नाही, पण मले येते."

"तुमाले बिडी लावता येते," जनकाबाई म्हणाली. "आंगण जाळून टाकसान भाऊचं."

मग मला वाटलं, दुसरी गोष्ट करावी, शेण टाकणंच बंद करावं. गॅस झाला नाही तर साहेब म्हणतात ते वाईटही होणार नाही. एका सकाळी टोपलं उचललं नाही, तसाच शेतात गेलो. तूर निंदायला घेतली. पण माझं ध्यान लागेना. कोणाला तरी जेवायला न देता आलो असं वाटत राहिलं. ऊन डोक्यावर यायच्या आत परत आलो आणि शेण सोडलं. टाकी पुन्हा बुडबुडायला लागली आणि मी पुन्हा ओट्यावर बसलो.

साहेबांचं ते बोलणं डोक्यातून जात नव्हतं. हे नसतं तर काय झालं असतं. ते शेजारचं घर पाहून काढता येतं म्हणाले. मी पुंजाजीच्या घराकडे पाहायचो. तिथं जनकाबाई होती. मग कोकिळा असती तर काय झालं असतं ते मला पुंजाजीच्या घरात दिसत होतं आणि नसली तर काय होतं ते माझ्या घरात. यातलं कशातून काय वजा करायचं?

साहेब यायच्या दोन दिवस आधी आभाळ आलं. पाऊस पडला नाही, पण हवा कोंदट झाली आणि पुंजाजीच्या घरातून निघालेला धूर वर न जाता कुंपणावरून आमच्या अंगणात पसरला. गंजीची खालची पऱ्हाटी ओलसर होती. वरची सारी आमच्या पाहुण्यांच्या भाकरीत गेली होती. जनकाबाई ताट घेऊन आली ती खोकतच. ताट ठेवलं, पदरानं डोळे पुसले, पुन्हा खोकली.

मी तिचे डोळे पाहिले. लाल झाले होते, कडेनं पाणी गळत होतं. तसे डोळे मी वर्षानुवर्षं माझ्या घरात पाहिले होते आणि टाकी आल्यावर ते निवळलेलेही पाहिले होते.

"जनकाबाई," मी म्हणालो, "उद्यापासून ताट आणू नका."

ती थांबली. "काऊन भाऊ? मीठ कमी पडलं काय?"

"नाही."

"मंग याहीनं काही म्हटलं?" तिनं घराकडे हात केला. "त्यायच्या बोलण्याकडे ध्यान देऊ नका. तोंडाले कुलूप नाही त्या माणसाच्या."

"तसं काही नाही. उद्या पीठ घेऊन या. अठी. दोन्ही घरच्या भाकरी गॅसवर टाका."

"माय वं! मी नाही बाप्पा त्याले हात लावत. उडून जाईन मी परातीसकट!"

"पेटवून मी देतो," मी म्हणालो. आणि म्हणून गेल्यावर मला कळलं की आता ते करावं लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी जनकाबाई परात घेऊन आली. तिच्यामागं पुंजाजी, बादलीभर पाणी घेऊन.

"हे पानी कायले?" मी विचारलं.

"भडका उडाला तं."

मी स्वयंपाकघरात गेलो. कढई उचलली. खाली शेगडीवर तिचा गोल डाग होता, बाकी धूळ. मी कढई फळीवर ठेवली, आधी पालथी आणि मग उताणी. शेगडी पुसली. चावी फिरवली, काडी लावली. शेगडी थुंकल्यासारखी फुरफुरली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"नाराज हाय," पुंजाजी दारातून म्हणाला.

टाकी गच्च भरलेली आणि गॅस येत नव्हता. मग आठवलं की कोकिळा रोज भिंतीपाशी वाकून नळीची खालची तोटी उघडायची, वाटी धरायची आणि घाण पाणी बाहेर फेकायची. मी ते बघायचो, पण का करते ते कधी विचारलं नव्हतं. मी तोटी उघडली. नळीत साचलेलं पाणी भळभळ आलं, तीन-चार वाट्या निघाल्या, मग नुसता वारा. तोटी बंद करून काडी लावली.

निळी ज्योत लागली. आवाज बारीक, एकसारखा.

जनकाबाई पाहत राहिली. "धूर?"

"नाही."

"काहीच नाही?"

"नाही."

तिनं तवा ठेवला. पहिली भाकर तिनं लांबूनच तव्यावर टाकली. दुसरी तिनं नीट टाकली. तिसरीला ती पुंजाजीवर ओरडली, "अहो, ते बादली ठेवा तं आता खाली! उभे राह्यले भालदारासारखे."

मी बाहेर आलो. टाकीपाशी बसलो. इतके दिवस वर अडकून राहिलेली टाकी खाली येत होती. डोळ्यांना दिसणार नाही इतकी हळू. पण उत्तमरावांच्या खडूची खूण अजून पुसली नव्हती आणि भाकरी होता होता ती खूण कडेच्या जवळ आली. बुडबुडे थांबले. मी बराच वेळ तिथं बसलो होतो. जनकाबाईनं आतून जेवायला हाक मारली तेव्हा नकळत मी "आलो वं" म्हणालो, जसं कोकिळेला म्हणायचो तसं. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

इंगळे साहेब ठरल्या दिवशी आले. उत्तमराव काटा घेऊन. आता उत्तमरावांनी कोणालाच सोडलं नाही. सकाळी काय खाल्लं, कोणाच्या पिठाचं, कोणाच्या भांड्यात, सारं विचारलं. पुंजाजीला त्यांनी विचारलं, "बिडी कशावर पेटवली?"

"शेगडीवर. ते बी लिहा."

साहेबांनी टाकी पाहिली, स्वयंपाकघरात जाऊन ज्योत पाहिली. जनकाबाई वांगं भाजत होती. पलीकडे जाऊन पुंजाजीची चूल पाहिली. तिच्यात मांजर झोपलं होतं. ते परत येऊन बाजेवर बसले, कागदावर काही मांडलं, मग पेन्सिल थांबली.

"काय झालं साहेब?" मी विचारलं.

"तुमच्या घरी लाकूड जळत नाही."

"नाही."

"आणि तुलनेला घेतलेल्या घरीही आता जळत नाही. रीतीप्रमाणे दोन्ही घरांतला फरक म्हणजे तुमच्या टाकीचा फायदा. शून्यातून शून्य गेलं." त्यांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे कागदावर तुमच्या टाकीनं काहीच वाचवलं नाही."

"पयले काहीच केलं नाही तं पयला नंबर," पुंजाजी म्हणाला, "आता दोन घरचं शिजते तं भोपळा. साहेब, तुमचा काटाच सुतकात हाय."

उत्तमराव हसले आणि मग साहेबांकडे पाहून गप्प झाले. साहेब मात्र हसले. खूप दिवसांनी हसत असावेत असे हसले.

"मंग टाकी?" मी विचारलं. "नेता काय?"

साहेबांनी टाकीकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. "ही रेघच चुकीची आहे. मी तुमचं घर आत धरलं आणि त्यांचं बाहेर. पण जेवण तर कुंपणाच्या आरपार जातंय." त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी खोडलं. "दोन्ही घरं मिळून एक घर धरतो. तुलनेला गावाच्या दुसऱ्या टोकाचं घर घेतो. वरचे साहेब पुसतील तर पुसोत, मी भांडेन. टाकी चालू आहे. ती कुठं जात नाही."

उत्तमरावांनी काटा आवरला.

मी म्हणालो, "साहेब, मागच्या वेळेस चहा राह्यला."

जनकाबाई करते म्हणाली, पण मी तिला उठू दिलं नाही. मी स्वतः आत गेलो, ती वांगं घेऊन बाजूला सरकली. हंड्यातलं पाणी घेतलं, दूध घातलं, गूळ घातला. साहेबांनी घोट घेतला आणि थांबले. मग दुसरा घेतला. मी माझ्या कपातला प्यायलो. चहा खारा होता. तोंडात धरवत नव्हता.

कोकिळा चहाचं पाणी वेगळं आणायची. रस्त्यापलीकडे शेतात एक गोड्या पाण्याची विहीर आहे, तिथून एक कळशी, फक्त चहासाठी. ती कळशी कोपऱ्यात तशीच कोरडी पडली होती. मला ते तेव्हा आठवलं. साहेबांना विचारावंसं वाटलं की ते पाणी, तो रस्ता, ती कळशी, हे तुमच्या रेघेच्या आत येतं का बाहेर. पण कसं विचारावं ते कळेना. त्यांनी खारा चहा संपवून कप खाली ठेवला होता आणि आतून जनकाबाई हाका मारत होती की भाऊ, ज्योत बारीक कशी करतात हो, वांगं करपून राह्यलं.

मी चावी फिरवायला आत गेलो.